राणीचं बंद दार

शुक्रवार, मार्च २००९
मोहम्मद बिन झायद सिटी

टक-टक. शाळेत मास्तर टेबलावर छडीनं ताल धरून कविता म्हणवून घ्यायचे, तोच आवाज. टीव्हीवर जुना कोरियन ऐतिहासिक सिनेमा लावलाय. त्यात राणी कोंडलेली, पण दिग्दर्शक तिला दाखवतच नाही. नुसतं बंद दार आणि आत तिच्या खडावांची टक-टक. कविता याहून वेगळी काय असते?

"बाबा, डिस्क अडकली वाटतं," मंदार म्हणाला. पोराची नोकरी गेली, रसिकताही गेली!

परवा आम्ही आखात सोडून कायमचे पुण्याला. टीव्ही विकलाय, उद्या नेणार. म्हणजे शेवट आजच बघायला हवा. उघडेल का ते दार?

आत्ता बेल वाजली. टीव्ही घेणारा पठाण, एक दिवस आधीच! "यल्ला, चलो चाचा," म्हणत वायर काढायला वाकला, आणि पडद्यासमोर थबकला.

"अंदर कौन है?"

बसलाय आता माझ्या शेजारी.