अर्धी भाकर

आदिलाबाद, गुरुवार, संध्याकाळ

आज पुन्हा रेवतीला अर्धीच भाकर वाढली. जेवणाआधी दुकानातल्या कांद्याच्या काट्यावर उभं केलं होतं तिला. हे हसले, "पोतं जड हाय इच्यापेक्षा!" तरी हलक्या गटासाठी वजन थोडं जास्तच भरलं. तिचे बॉक्सिंगचे सर कधीपासून म्हणतात, वरच्या गटात खेळू द्या पोरीला. मीच अडून बसले आहे. का, तर जड गटात रंगत नाही. मुली एकमेकींना धरून दमतात, मग एकच ठोसा, आणि संपलं. हलक्या गटात हात थांबतच नाहीत. मी खुर्चीला टेकतसुद्धा नाही. पण ही रंगत कुणाची? माझीच ना?

रेवती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, तुले पाह्याले मजा येते म्हणून मी उपाशी राहून राह्यली का?"

उद्या सरांना सांगते, वरच्या गटात नाव घाला. उरलेली अर्धी तिच्या ताटात ठेवली. तिनं आधी उघड्या दारातून दुकानातल्या काट्याकडे पाहिलं, आणि मगच तुकडा मोडला. हे तिला मीच शिकवलं.