तापाचा पाहुणचार

मिरजोळे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५२

…कैक वर्षांपूर्वीची सकाळ. पाणी भरून मी चूल पेटवत होते. मुंबईहून ताप घेऊन आलेले हे अंथरुणातून म्हणाले, "अगो, गोष्टीतल्या जादूच्या राज्यात औषध नसतं. तापाला पाहुणा समजून पेज वाढतात आणि विचारतात, 'परत कधी निघणार?' लाजून पळतो मेला!"

"तुमचा पाहुणा निर्लज्ज आहे," मी म्हटलं. केवढे हसले!

पण आमच्याकडे पाहुण्याला असं कोण विचारतं? उलट आणखी दोन दिवस राहा म्हणायचं. तापालाही आम्ही तसंच राहू दिलं. तो ह्यांना घेऊनच गेला. ते हसणं मात्र राहिलं.

काल सुनेचं अंग तापलं. "दोन दिवसांत उतरेल, सासूबाई," म्हणाली. संध्याकाळभर ह्यांचं हसणंच कानात.

आज उजाडताच तिला बैलगाडीत बसवून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं.