देवयानीवरचा डाग

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण क्षेम नाही म्हणून लिहीत नाही. तुझ्या बापाचा पलंग मागच्या खिडकीशी हलवलाय. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं नळकांडं. जन्मभर वेल्डिंगचा धूर ओढला, आता साधी हवा ओढताना धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं की थंडी सरेपर्यंत राहिला तर पुष्कळ. मी आत येऊन त्याला ते जसंच्या तसं सांगितलं. तू एकदा लपवलंस त्याचा राग अजून जिरला नाही, मी आणखी कशाला ओढवून घेऊ?

फोन का करत नाही म्हणशील. फोन त्याच्या उशाशी असतो आणि तुझं नाव निघालं की हा भिंतीकडे तोंड करतो. तू त्याच्या छातीची एक्स-रे प्लेट स्वतःच्या हातानं काढलीस, तो डाग पाहिलास, औषधं चालू केलीस, आणि त्याला मात्र जुना कफ आहे म्हणालीस. चार दिवस सुखानं झोपावा म्हणून केलंस, हे मला कळतं. पण लोखंडातली भेग शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या छातीतली भेग लपवलेली कशी खपेल?

आता कामाचं. गेल्या वर्षी त्यानं आभाळातल्या त्या देवयानी दीर्घिकेचा फोटो घ्यायला काढला होता. आभाळानं घात केला आणि फोटो अर्धाच राहिला. बाकी कशाचं काही म्हणत नाही, पण संध्याकाळी खिडकीतून आकाशाच्या त्याच कोपऱ्याकडे बघत पडतो. म्हणून म्हटलं, त्याचे हात चालत नाहीत, माझे तर चालतात. आता मी शिकतेय. तो पलंगावरून सांगतो आणि मी परसात करते. त्यानं पाइप जोडून केलेला लोखंडी खांब आहेच. त्यावर ते ताऱ्यांमागे हळूहळू फिरणारं यंत्र, त्यावर दुर्बीण, दुर्बिणीच्या ढुंगणाला कॅमेरा. आधी एक ठळक तारा धरायचा. तो फुटाण्याएवढा दिसला तर चूक, खसखशीएवढा झाला तर बरोबर. पहिले काही दिवस माझे सगळे फुटाणेच.

शेजारच्या शिंपिणीचा मागचा दिवा नडतो. गोडीनं सांगून ऐकेना, तेव्हा तिच्या दिव्यावर मीच पोतं घातलं. आता ती माझ्याशी बोलत नाही, ते एक बरंच झालं.

पण असले ढीगभर फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचायला लागतात. ते त्यानं तुला शिकवलं होतं, मला नाही. मी कॅमेऱ्याचं कार्ड तुला पोस्टानं पाठवीन. त्याला सांगितलंय की फोटोवाल्या दुकानदाराकडून करून घेते. गुपचूप कर.

लोभ माझ्याकडून आहेच, तुझ्याकडचा किती उरलाय ते उलट टपाली कळव.

तुझी आजी


११ ऑक्टोबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डबा खाताना उघडलं आणि डबा तसाच परत आणला. इथे दिवसभर अंधारी खोली, मशीन आणि रांग. लोकांना श्वास धरा म्हणते, सोडा म्हणते. गेले काही दिवस श्वास धरा म्हणताना बाबाच डोळ्यांसमोर येतात.

तू एकटी त्या खांबाशी उभी राहतेस हे वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. पायात काहीतरी घाल. दव पडतं.

कार्ड पाठव, मी करीन. पण दोन गोष्टी नीट कर. एक, दुर्बिणीला झाकण लावून थोडे काळे फोटो काढ. तू म्हणशील डोक्यावर पडलेय, पण कॅमेऱ्याची स्वतःची खरखर त्यात उमटते, ती मग वजा करता येते. दुसरी, देवयानीचे फोटो झाले की कॅमेरा तिथून काढू नकोस, हलवूही नकोस. त्यावर पांढरं कापड ताणून सकाळच्या उजेडात थोडे कोरे फोटो काढ. काचेवर कुठे धूळ आहे ते त्यात दिसतं. धूळ असू दे, फक्त दोन्हीकडे तीच असली पाहिजे.

यावंसं वाटतं. पण डोळ्यांसमोर येऊ नकोस असं त्यांनी म्हटलंय. त्यांनी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा मला धीर होत नाही. ते माझ्याबद्दल कधी काही विचारतात का? खरं लिही.

औषधं वेळेवर दे, आणि तुझ्या रागावण्यात माझा वाटा राखून ठेव.

तुझी भिंगरी


२६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

विचारत नाही. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं.

आता तो अंगानं निम्मा झालाय, जीभ मात्र आहे तेवढीच आहे. यंत्र ध्रुवाकडे नीट लागलं नव्हतं, तर खिडकीतून मला म्हणाला की म्हातारे, तारे शेपटीचे आलेत, उंदीर आहेत की तारे. मी म्हटलं, तुला जन्माला घातलं तेव्हा कुणी अशी नावं ठेवली नव्हती. हसला आणि मग खोकला एवढा आला की मला वाटलं, आटोपलं. हसवायचीही चोरी झाली आहे बघ.

सगळे फोटो झाले. काळे पण काढले. झाकण लावून फोटो काढताना शिंपिणीनं कुंपणावरून पाहिलं. आता ती मला वेडी म्हणत गावभर फिरेल. फिरू दे. पांढऱ्या कापडाला त्याचा धुतलेला बनियन ताणला. पूर्वी तो छातीला तटतटायचा, आता अंगात घातला तर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो.

शेवटच्या रात्री, बनियन ताणायच्या आधीच, त्याचा जीव राहीना, म्हणून कॅमेरा सोडवून पलंगाशी नेला आणि पडद्यावर त्याला दाखवला. ती देवयानी कापसाच्या बोळ्याएवढी दिसत होती. किती वेळ बघत होता. तिचा उजेड निघून पंचवीस लाख वर्षं झाली म्हणाला. त्याला नाही, तुला लिहिते. तो उजेड एवढं चालत आपल्या परसात आला, आणि तुला एका रात्रीची गाडी गाठवत नाही. त्याच्या तोंडून ये निघत नाही, तुझं पाऊल निघत नाही. सुंभ जळाला तरी पीळ दोघांचाही तसाच.

कार्ड सोबत आहे. लवकर कर. रोज दुकानदारानं काय केलं म्हणून विचारतो, आणि मला त्या दुकानदाराच्या नसलेल्या बायकोची आजारपणं सांगावी लागतात.

लोभ पत्रातून धाडता येतो तेवढा धाडलाय. उरलेला घरी येऊन ने.

तुझी आजी


५ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो झाला. सोबत छापून पाठवते आहे. आजी, फार सुंदर आहे. एकेका फोटोत काही दिसत नाही, पण एकावर एक रचत गेले तशी ती वर आली. कडेचे काळे पट्टे, शेजारचे दोन छोटे पुंजके, सगळं. तुझ्या खसखशी अगदी खसखशी आहेत.

पण उजव्या अंगाला, देवयानीच्या कडेवरच, एक करडा गोल डाग आहे. तो आकाशातला नाही, धुळीचा आहे. तो कोऱ्या फोटोंत असता तर आपोआप गेला असता, पण तिथे नाही. देवयानीचे फोटो आणि बनियनचे फोटो यांच्यामध्ये कॅमेऱ्याच्या तोंडाची बारकी काच कुणीतरी पुसली. बाबांना दाखवायला नेलास तेव्हा पुसलास ना?

मी तुला बोल लावत नाही. त्यांच्या पलंगाजवळ न पुसता काहीही न्यायचं नाही, हा नियम मीच तुला घालून दिला होता. धूळ त्यांच्या छातीत जायला नको म्हणून.

डाग झाकता येतो. शेजारचं आकाश थोडं उचलून त्यावर पसरलं की झालं, कुणाच्या बापाला कळणार नाही. मी ते केलंही. मग पडद्यासमोर बसले आणि मला ती प्लेट आठवली. तेव्हाही असंच, कुणाच्या बापाला कळणार नाही असं वाटलं होतं. बाप माझाच होता.

पुन्हा नाही जमणार, आजी. म्हणून डागासकट पाठवते आहे. त्यांना दाखव. डाग कसा पडला ते सांग. दुकानदार कुणी नाही, मी आहे, हेही सांग. त्यांनी फोटो फाडला तर फाडू दे.

माझ्यामुळे तुला बोलणी बसतील, त्याची माफी आत्ताच मागते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी


१३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी आधी डब्यात लपवलं. मग माझीच मला लाज वाटली. काच पुसली मी, खोटा दुकानदार उभा केला मी, आणि खरं बोलायची पाळी पोरीवर. संध्याकाळी त्याला उशी लावून बसवलं आणि पत्र पहिल्या अक्षरापासून वाचलं. मला वाचायला वेळ लागतो. प्लेटच्या ओळीशी अडखळले, तेव्हा पुढे वाच म्हणाला.

मग फोटो हातात घेतला. डाग पाहिला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, म्हातारे, तू उद्या सूर्यही पुसून ठेवशील. मग त्या गोल डागावर अंगठा ठेवून बसला. मी विचारलं, फाडायचाय का? नाही म्हणाला. जोडणीतली भेग दिसू दिली की माणूस सावध राहतो म्हणाला. मला कळलं ते एवढंच.

निजताना म्हणाला की भिंगरीला लिही, ये म्हणावं. आणि येताना ती प्लेट घेऊन ये म्हणावं.

श्वास आता फार आखूड झालाय. या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. तूच उत्तर म्हणून ये.

तुझी आजी


९ डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. खोली तशीच आहे, कुंडीतलं रोप मेलंय. पहिल्या दिवशी मशीनपाशी एका माणसाला श्वास धरा म्हणाले आणि सोडा म्हणायचं विसरले. तो बिचारा लाल होईपर्यंत तसाच उभा.

तिथे असताना तुला एक सांगायचं राहिलं. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी तू आडवी झाली होतीस, तेव्हा त्यांनी खुणेनं प्लेट मागितली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. दाखव म्हणाले. मी सगळं दाखवलं. हे हृदय, ह्या फासळ्या, आणि हा तो डाग. तेव्हा एवढा होता, आणि मला तो त्याच क्षणी दिसला होता. मी रडत होते, ते नीट बघत होते, दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसे. शेवटी म्हणाले, फोकस चांगला आहे.

आजी, एवढंच म्हणाले. माझा हात मात्र मग शेवटपर्यंत सोडला नाही.

तू एकटी त्या घरात काय करतेस? इकडे ये म्हटलं तर येणार नाहीस, म्हणून पुन्हा एकदा म्हणते. ये. माझ्यावरची माया आता दोघांच्या वाटची करावी लागेल तुला.

तुझी भिंगरी


२१ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी झोपले नव्हते. डोळे मिटले होते. तुमच्या दोघांच्या मध्ये मी कशाला? फोकस चांगला आहे म्हणालेला ऐकला. त्याच्या तोंडून एवढी स्तुती मी दोनदाच ऐकली, आणि त्यातली आधीची खांबाच्या जोडणीसाठी होती. स्वतःच्याच.

येणार नाही. घर म्हणजे काही पेटी नाही, कुलूप लावून निघायला. पलंग खिडकीपासून हलवला, तर तिथे फरशीचा चौकोन पांढरा राहिलाय. नळकांडं परत नेलं. रात्री त्याची सूं-सूं नाही, म्हणून जाग येते. आवाज बंद झाला म्हणून झोपमोड होणारी मीच पहिली असेन.

शिंपीण आली होती. बसली, उगाच रडली, जाताना विचारून गेली की दिव्यावरचं पोतं आता काढू का. मी म्हटलं, राहू दे.

आता ऐक. देवयानी अजून आहे, अंधार पडला की डोक्यावरच असते. मी पुन्हा सगळे फोटो काढलेत. ध्रुवाला यंत्र मीच लावलं. खिडकीतून कुणी उंदीर म्हणालं नाही, म्हणून खाली बसून स्वतःच एकेक तारा बघितला. झाकण लावून काळे काढले. मग कॅमेरा तसाच ठेवला आणि सकाळी त्याचा बनियन ताणला. काचेवर धुळीचा कण मला स्पष्ट दिसत होता. हात शिवशिवत होते, पण पदर कमरेला खोचून ठेवला. पुसायचं ज्याच्यासाठी, तो पलंगावर नाही आता.

कार्ड सोबत आहे. सावकाश कर, आता कुणाला घाई नाही. डाग असला तर लिही. नसला तरी नसल्याचं लिही.

लोभ आहे. तो पुसायचा नाही.

तुझी आजी