चौकटीखालची बोटं

४ मार्च
देणगीदार पुन्हा संग्रहालयात हजर. त्याने दिलेलं चित्र, म्हणजे 'आमची पणजी', प्रदर्शनाच्या दारातच लावायचं म्हणे. चित्र आधी कुणाकडे होतं हे शोधणं माझं काम, म्हणून पणजीचं नाव विचारलं. तर छताकडे बघायला लागला!

५ मार्च
त्याच चित्रावर हक्क सांगणाऱ्या आजी आल्या होत्या. दंगलीत रातोरात घर सोडलं, चित्र भिंतीवरच राहिलं. म्हणाल्या, "ती माझी आई. शेजारी खुर्चीला धरून मी उभी होते." चित्रात तर बाई एकटीच. आमचे संचालकसाहेब म्हणाले, "पुरावा आणा." दंगलीतून पळताना पावती घेऊन पळायला हवं होतं बहुतेक.

९ मार्च
आज चौकट उतरवली. डाव्या कडेला खिळ्यांची भोकं, कापड ताणल्याच्या खुणा — असायला हव्यात तशा. उजव्या कडेला काहीच नाही. सरळ सुरीने कापलंय. आणि चौकटीने झाकलेली, खुर्चीच्या हातावर तीन इवलीशी बोटं!
चित्र आलं तेव्हा आमच्या आधीच्या विद्वानांनीही चौकट काढून पाहिली होती, आणि नोंदीत काय लिहावं? 'खुर्चीचे कोरीव काम.' कोरीव कामाला नखं असतात, हे मला आजच कळलं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात मावावं म्हणून पोरगी छाटली, आणि आई पणजी म्हणून मिरवतात. संताप होतो नुसता.

१० मार्च
साहेबांना दाखवलं. भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "चित्र माझ्या खोलीत ठेवा. तुम्ही यावर काही लिहून देऊ नका." झालं — भिजत घोंगडं! शेपूट घालण्यात यांचा हात कुणी धरणार नाही.

१३ मार्च
विश्वस्तांची बैठक. नव्या दालनाचा खर्च देणगीदार करणार, तेव्हा चित्र परत देण्याचा प्रश्नच नाही. सगळ्यांचं एकमत. मी तोंड उघडलं तर साहेब मलाच म्हणाले, "तुम्ही बसा."
आजींना कोणत्या तोंडाने सांगू? घरी नवरा म्हणतो, नोकरी सांभाळ. हाही त्यांच्यातलाच.

१६ मार्च
साहेबांच्या खोलीला कुलूप. चित्रं बांधणारे काका म्हणाले, "काल साहेब स्वतः चित्र घेऊन आजींकडे गेले. गाडीत मांडीवर धरून बसले होते." सकाळी विश्वस्तांनी त्यांना काढून टाकलं.
चित्र परत दिल्याचा कागद पाहिला. बोटांचा, कापलेल्या कडेचा सगळा शोध त्यांनी आपल्या नावावर घातलाय. माझं नाव कुठेच नाही. विश्वस्तांनी मला काही विचारलंसुद्धा नाही.