अल्योशाचं पान

१३ सप्टें., शनि.
मीराला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट. महायुद्ध एकत्र जिंकलेले अमेरिका-रशिया लगेच एकमेकांचे वैरी कसे झाले? म्हटलं, फोन ठेव, शेजारच्या फ्रँकआजोबांना विचार. नव्याण्णव वर्षांचे, त्याच युद्धात अमेरिकेकडून लढलेले. कुरकुरत गेली, जेवायची वेळ झाली तरी आली नाही.

१६ सप्टें.
आज मीही गेले, शिरा घेऊन. आजोबा सांगत होते: युद्ध संपता संपता जर्मनीत एका नदीकाठी त्यांना रशियन सैनिक भेटले. मिठ्या, दारू, नाच. अल्योशा नावाच्या पोराशी गट्टी जमली, एकमेकांचे घरचे पत्ते घेतले. परत आल्यावर आजोबा पत्रं लिहीत राहिले. दोन उत्तरं आली, मग काहीच नाही. तोवर इकडे रशियन म्हणजे शत्रू, आणि तिकडे ज्याला अमेरिकेतून पत्र येतं तो हेर.
"हे मला फार उशिरा कळलं. मी लिहीतच होतो. माझ्या पत्रांनीच त्याला नेलं असेल का?"
शिरा तसाच राहिला.

१८ सप्टें.
कामात लक्ष नाही. कधी न पाहिलेला तो पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही. वैर धरलं कोणी, भोगलं कोणी.

२१ सप्टें., रवि., सर्वपित्री
ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचाही हाच दिवस. डेकवर सासऱ्यांचं पान ठेवलं, शेजारी अल्योशाचं. नको तो शहाणपणा. आजोबा कुंपणापलीकडे खुर्चीत. मीराने सांगून टाकलं, हे गेलेल्या माणसांचं जेवण, ते दुसरं पान अल्योशाचं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तो गेला? तुला कसं कळलं?"
नाही, मला काहीच ठाऊक नाही, म्हटलं. सावरायला गेले आणि कावळ्याचं सांगून बसले: गेलेला माणूस तृप्त असला की कावळा शिवतो. सासऱ्यांच्या पानावर लगेच आला. जेवणाची घाई त्यांना जन्मभर. दुसऱ्याकडे त्याने बघितलंही नाही.
"मग तो जिवंत असेल," आजोबा म्हणाले, आणि हसले. कावळा शिवला नाही तर आपल्यात म्हणतात, इच्छा राहिली. ते मी गिळलं.
मीरा नंतर म्हणाली, "आई, यू लेट हिम बिलीव्ह इट."

२२ सप्टें.
सकाळी अल्योशाचं पान रिकामं. कावळा की खार, कोणी पाहिलं नाही.
मीरा म्हणते, उचल ना, आजोबांना दिसेल, ही विल आस्क. हात होत नाही. आजोबांच्या खिडकीचा पडदा आत्ताच सरकला.