मला विचारलं जावं

सोमवार, १२ जानेवारी
आज इंग्रजीच्या क्लासात पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह! हर्षाली मॅडम (माझ्या मुलापेक्षा लहान!) म्हणाल्या, "मैनाकाकू, सोपंय. तुम्ही मदत करणार, तर टू हेल्प. तुम्हाला मदत केली जाणार, तर टू बी हेल्प्ड. टू बी आणि क्रियापदाचं तिसरं रूप. झालं!"

शेजारच्या हाजराबींनी जोरात वाक्य केलं — आय वॉन्ट टू बी ईटन. म्हणजे मला कुणीतरी खावं! वर्ग हसून हसून बेजार. हाजराबी म्हणाल्या, "सारी उमर नर्सिंग केली, आता काय राहिलंय खायला!"

मंगळवार, १३ जानेवारी
मेथी निवडताना घोकलं. मेथी नीड्स टू बी क्लीन्ड. मेथी गप्प.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. पुण्याहून संतोषचा फोन. "आई, नाशिकचा फ्लॅट भाड्यानं देतोय. माणूस मिळालाय. एक तारखेला टेम्पो येईल, तू इकडेच ये आता." सगळं ठरवून मोकळा! हे गेल्यापासून मी एकटी, त्याला काळजी वाटते — कळतं मला. "बरं," म्हणाले. नंतर तिळगूळ गोड लागेना.

शुक्रवार, १६ जानेवारी
मॅडमनी प्रत्येकाला 'आय वॉन्ट टू बी' पुरं करायला लावलं. माझी पाळी आली आणि तोंडून निघालं — आय वॉन्ट टू बी आस्क्ड. मला विचारलं जावं. डोळेच भरले एकदम.

मॅडम हळूच म्हणाल्या, "अगदी बरोबर, काकू."

हाजराबींना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. "इथं बोलून काय फायदा? पोराला फोन लाव!"

शनिवार, १७ जानेवारी
लावला! वाक्य इंग्रजीतच म्हटलं. मराठीत बोलले असते, तर पुन्हा 'बरं' म्हणून बसले असते. संतोष म्हणाला, "चुकलं आई. सांग, यायचंय तुला?"

"नाही रे. घर इथं, क्लास इथं, मैत्रिणी इथं."

टेम्पो रद्द! हाजराबींना मिसळ खाऊ घातली. तर्रीनं दोघींच्या नाकाला पाणी!

गुरुवार, २२ जानेवारी
संतोषचा फोन. "आई, मीच नाशिकला बदली मागू का? तुझ्या घरी आम्ही राहिलेलं चालेल तुला?"

विचार करून सांगते, म्हटलं.