अडवणारा गप्प बसला तेव्हा

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. दचकायलाच हवंस. दोन वर्षांत मी तुझा फोन उचलला नाही, आणि मामा गेल्याचा निरोपसुद्धा सुताराच्या तोंडी धाडला. आता हिचा राग निवला असेल, असं वाटून खुर्चीत आरामात टेकू नकोस. निवला असता तर फोन केला असता. फोनवर तू मध्येच 'ताई, ऐक तर' म्हणतोस आणि मी विरघळते. म्हणून लिहितेय. कागदाला मध्येच तोंड घालता येत नाही.

आधी इकडची बातमी. नव्या शाळेचा पाया खणायला गेल्या महिन्यात यंत्र आलं. ओढ्याच्या उजव्या काठावर, तळ्याला लागून सपाटी आहे ना, तिथेच. नकाशात आखली होती अगदी त्याच जागी. यंत्र चालवणारा बाहेरगावचा, पण भला माणूस. दुसऱ्याच दिवशी बादलीत आतून काळे पडलेले तीन दगड आले आणि त्याने आपणहून यंत्र बंद केलं. कंबरभर वाळूखाली चूल होती. वाळूही तळ्यातली, शिंपल्यांसकट. चौथ्या दिवसापर्यंत चुली झाल्या अकरा. मी चौथीच्या मुलांना घेऊन बघायला गेले आणि कडेला उभी राहून, मामाने अक्षर न् अक्षर पाठ करून घेतलेलं लाटेचं सांगणं मनात म्हणत एकेक चूल मोजू लागले. पहिली जाळं विणणाऱ्याची. मग दोघा भावांची, एकाच भिंतीला पाठ लावलेली. आणि सगळ्यांत शेवटी पाण्याकडे एकटीच, विधवेची. एकही चूल इकडची तिकडे नव्हती. मी पोरांसमोर तिथेच खाली बसले, आणि बाईंना चक्कर आली म्हणून पोरं पाणी आणायला पळाली.

मग विद्यापीठातले प्राध्यापक आले. चार विद्यार्थी, छोटे छोटे झेंडे, उन्हाची टोपी. मी त्यांना सांगितलं की कडेच्या चुलीपाशी दोन तुकडे झालेलं जातं निघेल, कारण डोंगर तळ्यात कोसळून लाट आली तेव्हा ती विधवा दळत होती. ते गोड हसले. लहान मुलाने चित्र दाखवल्यावर हसतात ना, तसे. दोन दिवसांनी जातं निघालं, दोन तुकड्यांत. तेव्हा ते माझ्यासमोरच विद्यार्थ्यांना म्हणाले, जुनी वस्तू सापडली की स्थानिक लोक तिच्याभोवती गोष्ट रचतात. अरे, सापडायच्या दोन दिवस आधी सांगितलं होतं मी! आणि वर्तमानपत्रात मथळा आला, 'तज्ज्ञांनी शोधली अज्ञात वस्ती.' अज्ञात! कोणाला अज्ञात? त्या घरांमधल्या माणसांची नावं आपण दूध सुटायच्या वयापासून घोकतो आहोत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या पेपरने मी शाळेतली कपाटं पुसली.

पण प्राध्यापकांवर मी किती चिडणार? त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. माझा खरा राग तुझ्यावर आहे आणि तो आज मी पोटभर लिहिणार आहे.

आठव जरा. मामा दुरुस्तीला आलेल्या पालथ्या होडीवर मांडी घालून बसायचा, डांबराने हात काळे, आणि सांगणं सुरू करायचा. समोर तू. मी बाजूला, कारण मला पुढे सांगणारी व्हायचं होतं आणि तुला अडवणारा. बाहेरच्यांना वाटतं की म्हातारा सांगतो आणि पोरं माना डोलावतात. दीड तासाचं सांगणं, आणि समोर बसलेल्याचं काम एकच, चूक पकडायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला की 'थांब' म्हणायचं, आणि सांगणाऱ्याने मुकाट्याने पहिल्यापासून सुरू करायचं. अडवणारा नेहमी बहिणीच्या पोटचा, कारण मुलगा बापाला अडवायला कचरतो, भाच्याला मामाची कसली भीती! तू नऊ वर्षांचा असताना मामाला तीनदा उलटं फिरवलं होतंस. लाट तिसऱ्या टप्प्यापर्यंत चढली की दुसऱ्या, एवढ्यावरून. जेवणं थंड झाली, आई वैतागली, आणि मामा मात्र अख्ख्या वस्तीला सांगत फिरला की माझा भाचा मला सोडत नाही म्हणून. आणि नियमाचा दुसरा भागही तुला ठाऊक आहे. अडवणारा समोर असून गप्प बसला, तर सांगितलं ते बरोबर. ते तसंच पुढे जायचं.

आता त्या कचेरीत ये. लांब टेबल, काचेखाली ठेवलेले नकाशे, गरगरणारा पंखा. शाळेच्या जागेबद्दल स्थानिकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं म्हणून मामाला बोलावलं होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला, नखांतलं डांबर रॉकेलने काढून. तू खात्याचा नवा भूगर्भवाला म्हणून टेबलाच्या पलीकडे साहेबांशेजारी बसला होतास. मामाला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. जिन्यात माझ्या कानात म्हणाला, समोर अडवणारा आहे, आता काळजी नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि दहा मिनिटांत आटपायला सांगितलं. दीड तासाचं सांगणं दहा मिनिटांत! मामाने जन्मात पहिल्यांदा गाळत गाळत सांगितलं, आणि गाळताना त्याचा पाय घसरला. डोंगर तळ्यात कोसळला आणि लाटेने अकरा चुली नेल्या, इथवर ठीक. पण त्या चुली 'डाव्या काठावरच्या' असं तो म्हणून गेला.

डाव्या काठाला उभा कडा आहे, धाकट्या. तिथे शेळी उभी राहत नाही, अकरा चुली कुठे मांडणार होते? मामालाही आपलं काहीतरी चुकलं हे जाणवलं. तो थांबला आणि तुझ्याकडे बघितलं. मी भिंतीपाशी स्टुलावर होते, मला सगळं दिसत होतं. एक शब्द होता तुझ्याकडे. नऊ वर्षांचा असताना जो तू ओरडून म्हणायचास, तो. आणि तू मान खाली घालून फाइलमधले कागद सारखे करत बसलास. मामाने वाट पाहिली. मग तो पुढे गेला.

तुझी बाजू मला दिसत नाही असं नाही. नोकरीला तीन महिने झाले होते, साहेब शेजारी, आणि एका होडीवाल्याला सगळ्यांदेखत 'थांब' म्हणायचं म्हणजे आपण कुठून आलो ते टेबलावर मांडायचं. तुला लाज वाटली. ते मी एक वेळ गिळलं असतं. पण नंतर तू अहवालावर सही केलीस! तुझ्या खात्याने काय लिहिलं ते मला पाठ आहे, पाठ करण्यात आपण हुशार. सांगणाऱ्याने डावा काठ सांगितला, चाळीस वर्षांपूर्वी हीच कथा लिहून घेतलेल्या नोंदीत उजवा आहे, सबब अशा कथा पिढ्यांगणिक बदलतात आणि पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. खाली तीन सह्या, तिसरी तुझी. जगात एकच माणूस होता ज्याला पक्कं ठाऊक होतं की ही 'कथा' बदलत नाही, कारण ती बदलू न देणं हेच त्याचं काम होतं. त्यानेच लिहून दिलं की बदलते. तुझा हात कसा उचलला रे?

आणि जे तुला कोणी सांगितलं नाही ते आता ऐक. घरी आल्यावर मामा मला पुन्हा शिकवायला बसला. डावा काठ म्हणू लागला. मी म्हटलं, मामा, उजवा. तो म्हणाला, अडवणारा समोर होता आणि गप्प बसला, म्हणजे माझ्याच डोक्यात इतकी वर्षं चुकीचं होतं. मी भांडले, रडले, त्याला हाताला धरून त्या कड्यापाशी नेलं. तो कड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, दिसतंय मला, पण पोरगा गप्प बसला ना. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याने तुझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला. सात महिने तो असा जगला, रोज एकदा सांगणं म्हणायचा आणि त्या शब्दापाशी अडखळायचा. डावा म्हणतच गेला. डॉक्टर हृदयाचं काहीतरी सांगत होते. मी ऐकून घेतलं.

चुली निघाल्या म्हणून सगळं थांबलं असेल, असं वाटेल तुला. छे! साहेब म्हणतात वस्ती होती हे मान्य, वाळू साध्या पुराचीही असू शकते. शाळा साठ पावलं सरकवू, पाया उंच घेऊ, चुलींपाशी माहितीचा फलक लावू. काठ तोच. समोरच्या डोंगरावरची भेग यंदा माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी रुंद झाली आहे, आणि सांगण्यात डोंगर पडायच्या आधी काय होतं ते मी तुला सांगायला नको. माझ्या गळक्या दोन खोल्यांत त्रेचाळीस मुलं बसतात. नवी शाळा त्यांच्यापेक्षा मला जास्त हवी आहे, तरी लोक मलाच शाळेची वैरीण म्हणतात. आम्ही अर्ज केला, तेव्हा कुठे पुन्हा सुनावणी लागली. या वेळी समितीवर एक निवृत्त न्यायाधीश बाई आहेत. सगळं सांगणं ऐकीन म्हणाल्या, दीड तास लागला तरी. आणि त्यांनी मला सरळ विचारलं, डावा की उजवा? ते सुनावणीतच सांगेन, एवढं म्हणून मी उठले. मी आपल्या मनाने उजवा म्हटलं, तर चुली बघून सोयीने गोष्ट बदलणारी मी पहिली ठरेन, आणि तुमचा अहवाल खरा ठरेल.

म्हणून हे पत्र. माफी मागायला येऊ नकोस, ती मला नको आहे आणि ज्याला द्यायची तो नाही. सुनावणी येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे, त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी. तुझे साहेबही असतील. मी सांगणं मामाने शेवटी सांगितलं तसंच सांगणार आहे, अक्षर न बदलता. त्या जागी डावा काठ म्हणेन, आणि मामा थांबला तशी थांबणार नाही, तुझ्याकडे बघणारही नाही. अडवायचं असेल तर तुला मोठ्यानेच अडवावं लागेल, सगळ्यांदेखत. तू अडवलंस तर मी दीड तासाचं सांगणं पहिल्यापासून सुरू करीन आणि उजवा म्हणेन, कारण मग तो शब्द माझा नसेल, मामाचा असेल. नाही आलास, तर डावा काठ कायमचा झाला, आणि माझी त्रेचाळीस मुलं जूनपासून उजव्या काठावरच्या शाळेत बसतील.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून तितकीच चिडलेली,
ताई